पहिलाच जॉब गेजमध्ये बसला

या वेळचं पत्र कागलजवळच्या एका गावातून आलं आहे. चार पानांचं आहे, थोडक्यात देतो.

"काका, माझं वय २३. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि कॉलेज सुटलं. गेली तीन वर्षं गोकुळ शिरगाव एमआयडीसीत सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा, ऑपरेटर आहे. ब्रेक ड्रम टर्निंगचं काम, बारा तासांची शिफ्ट. ओटी धरून अठरा हजार हातात येतात. चुलतभाऊ हिंजवडीत इंजिनिअर आहे. घरात कार्यक्रम असला की मी मागच्या खोलीतच बसतो. स्थळाकडचे आधी शिक्षण विचारतात आणि आई 'बी.कॉम. करतोय' म्हणून सांगते. एक एजंट ४५ हजारांत मागच्या तारखेची बी.कॉम.ची पदवी देतो म्हणतोय. घेऊ का? डिग्री नसेल तर मी आयुष्यभर ऑपरेटरच राहणार का? एक सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात एका रात्रपाळीला मशीन लावून देणारा सेटर आला नव्हता. मी स्वतःच टूल बदललं, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) दिला आणि पहिलाच जॉब, म्हणजे कापलेला भाग, माप तपासायच्या गेजमध्ये बसला. कुणाला सांगितलं नाही."

बाळा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. साडेतीन पानं डिग्रीवर आहेत आणि शेवटच्या दोन ओळी त्या रात्रीवर. मला राहून राहून त्या दोन ओळीच आठवतात. कुणाला सांगितलं नाहीस म्हणतोस, पण मला सांगितलंस. म्हणजे ती गोष्ट महिनाभर तुझ्या पोटात होती. छत्तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, काढलेला माणूस म्हणून सांगतो, त्या रात्री तुला जे वाटलं ते खरं आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथूनच द्यायचंय. पण त्याआधी त्या एजंटचा विषय संपवू.

घेऊ नकोस. त्याचा फोन आला तर उचलूही नकोस. बनावट कागद बनवणं गुन्हा आहे, तसंच तो खरा म्हणून वापरणंही गुन्हाच आहे. बोगस विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) स्वतः जाहीर करतो, आणि नोकरीवर घेण्याआधी कागद तपासून घेणाऱ्या कंपन्या आता भरपूर आहेत. पण मला भीती वेगळीच वाटते. तो कागद घरात आला की उद्या तुझी जी काही प्रगती होईल तिच्या पायात तो अडकून राहील. सेटर झालास, सुपरवायझर झालास, तरी कुणी सहज "कुठल्या कॉलेजचा रे तू?" म्हणून विचारलं की तुझ्या छातीत धस्स होणार. आज तू न शिकलेला नाहीस, अर्धं शिकलेला आहेस आणि ते सरळ सांगू शकतोस. ही मोकळीक ४५ हजार देऊन घालवू नकोस. शिवाय ब्रेक ड्रमच्या वर्कशॉपमध्ये बी.कॉम.चा कागद कुणाला दाखवणार आहेस?

बी.कॉम. मनापासून पुरं करायचं असेल तर ते खऱ्या मार्गानं कर. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीही आहे. पण ते आधी करायलाच हवं असं मला वाटत नाही. का, ते पुढे लिहितो.

आता आयुष्यभर ऑपरेटर राहण्याचा प्रश्न.

तीन वर्षं तू जॉब चकमध्ये (मशीनच्या पकडीत) लावतोस, सायकल स्टार्ट दाबतोस, दार उघडतोस, गेज लावतोस, जॉब ट्रेमध्ये ठेवतोस. बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, काळी भुकटी नखात बसते, ती साबणानं जात नाही. एवढंच काम पुढची वीस वर्षं करत राहिलास तर हो, ऑपरेटरच राहशील, आणि डिग्री असती तरी राहिला असतास. मी बी.ए. झालेले ऑपरेटर पाहिलेत. तुझ्यात आणि तुमच्या सेटरमध्ये जे अंतर आहे ते कॉलेजचं नाही. तो मशीन बंद असताना काम करतो आणि तू ते चालू असताना, अंतर एवढंच. सॉफ्ट जॉ (जॉब धरायचे जबडे) बोअर करणं, डायल लावून रनआउट (जॉब किती वाकडा फिरतो ते) बघणं, टूल लावणं, ऑफसेट देणं, पहिला पीस काढून मापणं हे सगळं तो सायकल स्टार्टच्या आधी करतो. यातलं थोडंसं एका रात्री तू केलंस. बाकीचंही शिकता येतं. त्याला वय, मार्कशीट, इंग्रजी लागत नाही. विचारायची तयारी लागते आणि एक वही लागते.

वहीचं नीट सांगतो, कारण माझ्या हाताखाली तयार झालेल्या मुलांपैकी जी पुढे गेली त्या सगळ्यांकडे वही होती. दोनशे पानी घे. प्रत्येक जॉबला एक पान. वर ड्रॉइंग नंबर, मटेरियल, महत्त्वाची मापं टॉलरन्ससकट (किती फरक चालतो ते). खाली टूल कुठलं, इन्सर्ट (टूलची बदलता येणारी धार) कुठला, आरपीएम (मिनिटाला फेरे) किती, फीड (टूल पुढे सरकायचा वेग) किती. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका धारेवर किती पीस निघाले. धार संपली की इन्सर्ट लगेच डब्यात टाकू नकोस, उजेडात धरून बघ. टोकाचा तुकडा उडालाय की बाजूनं एकसारखी घासलीय? तुकडा उडाला असेल तर कास्टिंगच्या सालीतली वाळू लागली असेल, नाहीतर टूल जास्त बाहेर काढून बांधल्यामुळे थरथरत असेल. एकसारखी घासली असेल पण फार लवकर, तर बहुतेक वेग जास्त आहे. महिनाभर असं लिहिलंस की तुझ्याकडे अशी माहिती जमेल जी तुमच्या मालकाकडेही नसेल.

वेगाचं गणितही त्याच वहीत. कटिंग स्पीड म्हणजे पाय (π, साधारण ३.१४) गुणिले व्यास गुणिले आरपीएम, भागिले १०००. व्यास मिलिमीटरमध्ये धरला की उत्तर मीटर प्रति मिनिट येतं. ३०० मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) ड्रम १५० मीटरच्या वेगानं कापायचा असेल तर आरपीएम येतो साधारण १६०. त्याच वेगानं १२० मिमीचा हब कापायचा तर साधारण ४००. करून बघ. प्रोग्रामवाल्यानं दोन ठिकाणी वेगवेगळे आकडे का टाकलेत हे आजवर तुला कोडं वाटलं असेल, तर ते इथं सुटतं.

आणि तुझं कॉमर्स वाया गेलं असं तुला वाटतं, त्याबद्दल. समज मशीनचा ताशी दर ४०० रुपये आहे आणि ड्रमचा सायकल टाइम सहा मिनिटं. म्हणजे एका ड्रमवर मशीनचे ४० रुपये पडतात. तू वहीतल्या अनुभवावरून सुचवलंस की अमुक ठिकाणी टूल उगाच हवेत फिरतं, तो पास कमी करू, आणि सायकल पाच मिनिटांवर आली. ४० चे साधारण सव्वातेहतीस झाले आणि तासाला दहाच्या जागी बारा ड्रम निघाले. हे गणित मांडता येणारी मुलं शॉपवर फार कमी असतात. सेटर खूप भेटतात, पण जॉबची किंमत कळणारा सेटर भेटत नाही. कॉस्टिंगची पुस्तकं तू निम्मी तरी वाचली असशील. ती पेटीतून काढ.

आता त्या रात्रीकडे येतो. तू पहिला पीस मापलास तेव्हा तो गरम होता का?

विचारतोय, कारण आमच्याकडे एकदा पंधरा दिवस यावरूनच भांडण चाललं होतं. रात्रपाळीचे जॉब रात्री ओके आणि सकाळी क्वालिटीत रिजेक्ट. रात्रपाळीची मुलं म्हणायची क्वालिटीवाले खुन्नस काढतात, क्वालिटीवाले म्हणायचे रात्रपाळी झोपते. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रीनं जॉबवर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे, हा ताप आलेला पेशंट आहे. याचं वजन काय करताय?" बीड तापलं की फुगतं. एका मीटरला एका अंशामागे साधारण १० ते ११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ३०० मिमीचा ड्रम खोलीपेक्षा २० अंशांनी गरम असेल तर त्याचा बोअर जवळजवळ ०.०६ मिमीनं मोठा लागतो. रात्री गेज सुखात जातं, सकाळी जॉब थंड होऊन आवळतो आणि गेज अडतं. मापांसाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान धरलं जातं, ते याचसाठी. आपल्या शॉपमध्ये मे महिन्यात २० अंश कुठून आणणार? पण निदान गरम आणि थंड यातला फरक किती आहे हे तरी माहीत असायला हवं. ज्याला माहीत असतं त्याला मालक रात्री दोन वाजता फोन करतो. त्या मेस्त्रीचं शिक्षण सातवी होतं.

मी स्वतः १९८२ साली फिटर ट्रेड करून पिंपरीतल्या एका कारखान्यात अप्रेंटिस लागलो. त्याआधी आयटीआयच्या पहिल्या सहामाहीत आम्हाला हातभर लांबीची कानस आणि लोखंडाचा एक ठोकळा दिला होता. सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात करायच्या. घासायचं, पुसायचं, ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन्या, लावायचा आणि खिडकीकडे धरायचा. कडेखालून उजेडाची रेघ दिसली की परत घासायला जायचं. तळव्यांना फोड आले, ते फुटले, परत आले. मला बारा दिवस लागले. तेराव्या दिवशी ठोकळा खिडकीकडे धरला आणि रेघ दिसली नाही. सरांनी हातात घेतला, स्वतः उजेडाकडे धरला, काही न बोलता टेबलावर ठेवला आणि पुढचं ड्रॉइंग माझ्यासमोर सरकवलं. ते दहा सेकंद मला अजून आठवतात. तुझ्या गेजच्या रात्रीची ओळ वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती खिडकी आली.

मी तुला सगळं गोड सांगणार नाही. डिग्री-डिप्लोमा नसल्यानं दारं बंद होतात आणि माझंही एक झालं. १९९६ साली आमच्या टूलरूमला फोरमन हवा होता. चौदा वर्षं मी तिथं होतो. जागा मिळाली डिप्लोमा झालेल्या एका मुलाला, ज्याला डाय क्लिअरन्स (साच्याच्या दोन भागांतली फट) मीच शिकवला होता. नियमात डिप्लोमा लिहिला होता, माझ्याकडे नव्हता. त्यानंतर दोन वर्षं मी तोंड कडू करून कामाला जात होतो. कुणी विचारलं तर सांगायचो, कुणी नाही विचारलं तर शिकवायचो नाही. त्या दोन वर्षांत मी एकही नवी गोष्ट शिकलो नाही. पद गेलं त्याचं दुःख कधीच ओसरलं, त्या दोन वर्षांचं अजून होतं. आणि संध्याकाळचा डिप्लोमा करायची सोय असताना "आता या वयात काय" म्हणून मी केला नाही, याचंही होतं. मी तेव्हा तिशीत होतो! तू २३ चा आहेस.

म्हणून कागदाला मी क्षुल्लक म्हणणार नाही. कागद हवा, पण आपल्या कामाचा हवा. एमपीएससीच्या राज्यसेवेला पदवी लागते, तिथं दुसरा इलाज नाही. मोठ्या कंपनीत इंजिनिअरच्या हुद्द्यावर जायला डिप्लोमा किंवा डिग्री लागते. पण रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टऱ्या, महावितरण इथल्या तंत्रज्ञांच्या जागांना आयटीआयचं प्रमाणपत्र चालतं, उलट तिथं बी.कॉम. असून उपयोग नसतो. तू ज्या लाइनमध्ये आहेस तिथला पहिला खरा कागद म्हणजे मशिनिस्ट किंवा टर्नर ट्रेडचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, ज्याला सगळे अजून एनसीव्हीटी म्हणतात. त्यासाठी दोन वर्षं नोकरी सोडून बसणं तुला परवडणारं नाही, हे मला कळतं. पण कामाचा ठरावीक अनुभव असलेल्याला खासगी उमेदवार म्हणून त्याच ट्रेड टेस्टला बसायची तरतूद आहे. कागलच्या किंवा कोल्हापूरच्या शासकीय आयटीआयमध्ये सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी अर्धी रजा टाकून जा. प्राचार्यांना भेट, अर्जाची वेळ आणि अटी लिहून आण. दोन वर्षांच्या ट्रेडनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. खासगी उमेदवाराच्या प्रमाणपत्रावर तो मिळतो का, हेही तिथंच विचारून घे.

प्रोग्रामिंग शिकायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम हे केंद्र सरकारच्या लघुउद्योग (एमएसएमई) खात्याचं आहे. तिथं सीएनसी आणि कॅड-कॅमचे छोटे कोर्स चालतात. त्या एजंटला द्यायला काढलेले पैसे इथं लाव. राहिलेल्यातून एक चांगला ०-२५ चा मायक्रोमीटर स्वतःच्या मालकीचा घे. तो कपाटात मऊ कपड्यात ठेव आणि कुणालाही उसना देऊ नकोस.

आणखी एक गोष्ट पत्रात दिसली नाही म्हणून मला काळजी वाटते. तुला पगाराची स्लिप मिळते का? पीएफ कापतात का, पीएफचा यूएएन नंबर आहे का? तीन वर्षांचा अनुभव तोंडी असेल तर उद्या दुसऱ्या गेटवर तो शून्य धरला जातो. स्लिप मागायला लाजू नकोस, ती तुझ्या हक्काची आहे. आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. दहा किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला हा कायदा लागू होतो आणि २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. तू येतोस. तुझ्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यात उपचार मिळतात. वडिलांची फिजिओथेरपी आणि औषधं खिशातून चालली असतील आणि तुझ्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर उद्याच त्यांचं नाव कार्डावर आहे का बघ. कापतच नसतील तर का कापत नाहीत ते विचार. अठरा हजारांतले दोन-तीन हजार तिकडे वाचले तर कोर्सची फी त्यातूनच निघते.

जिथं आहेस तिथंच राहावं का? मालकाला एकदा सरळ भेट. वही घेऊन जा. "रात्रपाळीला सेटिंग माझ्याकडे द्या, तीन महिने पगार आहे तोच ठेवा" असं सांग. चांगला मालक वही बघूनच हो म्हणेल. नाही म्हणाला, टोलवाटोलवी केली, तर सहा महिने थांब आणि मग शिरोली किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत दुसरं शॉप बघ. बघताना पगाराच्या आधी हे बघ, की तिथं किती प्रकारचे जॉब चालतात. वर्षानुवर्षं एकच ड्रम फिरवणाऱ्या शॉपमध्ये दोन हजार जास्त मिळतात आणि हात आंधळे होतात. जिथं दर आठवड्याला सेटिंग बदलतं, शिव्या पडतात, स्क्रॅप होतं, तिथं दोन वर्षांत माणूस घडतो. लग्नाआधीची ही दोन वर्षं तुझ्याकडे आहेत. आणि कुठंही असलास तरी लेथवर हातमोजे घालू नकोस, कापताना निघणारा बूर हातानं ओढू नकोस आणि बिडाच्या भुकटीला रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लाव. माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर एका हातमोज्यापायी गेलंय.

स्वतःच्या मशीनचं स्वप्न तू लिहिलं नाहीस, पण कोल्हापूरच्या मुलाच्या मनात ते असणारच. एवढंच ऐकून ठेव की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, दहा लाखांच्या वरच्या उत्पादन प्रकल्पाला शिक्षणाची अट आठवी पास आहे. पदवी कुणी मागत नाही. पण आज त्या वाटेला जाऊ नकोस. मशीन चालवता येणं वेगळं आणि हप्ता, वीजबिल, अडकलेलं पेमेंट सांभाळणं वेगळं. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, तरी लोक तीन-तीन महिने लावतात आणि जॉबवर्कवाला ऑर्डर जाईल म्हणून गप्प बसतो. आधी सेटर हो, मग प्रोग्रामर. तिशीत बघू.

घरातल्या मागच्या खोलीबद्दल लिहायला माझा हात जरा अडखळतो. कारण मीही बसलोय तिथं.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात चक्कर मारलीस तर कळेल. तो भाग उभा केला तो बहुतांशी मेस्त्री लोकांनी. जुनं इंजिन उघडायचं, भाग मापायचा, लाकडाचा पॅटर्न करायचा, बीड ओतायचं आणि तसाच भाग बनवायचा. पलीकडे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळावर वसाहत उभी केली. ते मुंबईला गेले होते चित्रकला शिकायला, रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ती सोडावी लागली आणि ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले. पुढे बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. हे मी तुला किर्लोस्कर हो म्हणून सांगत नाही. प्रत्येक किर्लोस्करामागे हजारो असे होते ज्यांची नावं कुणाला माहीत नाहीत आणि ज्यांनी तीस-चाळीस वर्षं चोख काम करून घर चालवलं, मुलं शिकवली, संध्याकाळी ताठ मानेनं पारावर बसले. मला तुझ्यासाठी ते आयुष्य हवंय. ते मिळण्याजोगं आहे.

चुलतभावाचा राग करू नकोस, त्यानंही कष्टच केलेत. पण पुढच्या कार्यक्रमात पुढच्या खोलीत बस. कुणी विचारलं काय करतोस, तर "ऑपरेटर आहे" एवढं म्हणून थांबू नकोस. "ट्रकचे ब्रेक ड्रम टर्न करतो, सेटिंग शिकतोय" म्हण. घाटात उतरणारा ट्रक थांबतो तो तुझ्या हाताखालून गेलेल्या मापावर, हे तुला माहीत असू दे, त्यांना सांगितलं नाहीस तरी चालेल. आणि आईशी बोल. तिला ओरडू नकोस. ती खोटं बोलते ते तुला कमी लेखून नाही, तुझ्या लग्नाच्या काळजीनं. तिला शांतपणे सांग, "आई, पुढच्या स्थळाला खरं सांगूया. कॉलेज सुटलं, सीएनसीवर आहे, आयटीआयची परीक्षा देतोय." काही स्थळं जातील. जाऊ देत. जी मुलगी हे ऐकून थांबेल तिच्याशी लग्नानंतर तुला काही लपवावं लागणार नाही.

वडिलांनाही त्या रात्रीची गोष्ट सांग. त्यांना बोलायला त्रास होत असेल, पण कळतं सगळं. आपल्या आजारपणामुळे पोराचं कॉलेज सुटलं हे त्यांच्या मनात रोज असणार. पोराचा पहिलाच जॉब गेजमध्ये बसला, हे त्यांच्या कानावर जायला हवं.

आता या आठवड्याचं काम देतो. रात्रपाळीला एक ड्रम मशीनमधून काढल्या काढल्या बोअर गेजनं माप आणि आकडा वहीत लिही. त्यावर खडूनं खूण कर आणि बाजूला ठेव. सकाळी शिफ्ट सुटताना, तो हाताला गार लागला की त्याच जागी, त्याच गेजनं परत माप. दोन्ही आकडे, ड्रमचा व्यास आणि शॉपमधलं तापमान मला लिहून पाठव. फरक किती यायला हवा ते आधी वहीत गणित करून ठेव, मग जुळवून बघ.

तुझा,
काका